जांभईचं पान

"दरवळ" हा शब्द कानावर पडला आणि तात्यांच्या पोटात ढवळून आलं.

आता तात्या म्हणजे काही नाजूक पोटाचा माणूस नव्हे. एकेचाळीस वर्षं त्यांनी सरसाच्या कारखान्यात काढली होती. सुतार आणि बाइंडर वापरतात तो सरस. जनावरांची हाडं आणि कातड्याचे तुकडे शिजवून काढतात तो. काहिलीत हाडं रटरटत असताना तिच्या कट्ट्याला टेकून तात्यांनी जेवणाचे डबे खाल्ले होते आणि वर बोटं चाटली होती. उन्हाळ्यात हाडांची गाडी उघडली की चांगले पैलवान गडी भिंत धरून ओकायचे. तात्या त्यांना पाणी नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "सकाळी काय खाल्लं होतंस, ते दिसलं हो."

त्या माणसाला आज लेकीच्या दिवाणखान्यात, मऊ खुर्चीत बसून, एका शब्दानं मळमळायला लागलं.

"'पहाटेच्या मंद वाऱ्यावर कारखान्याचा तो ओळखीचा दरवळ येई,'" समोरचा गृहस्थ वाचत होता, "'आणि श्रमाच्या त्या सुगंधानं माझी पावलं आपोआप वेग घेत.'"

"थांबा," तात्या म्हणाले. "कसला सुगंध?"

"श्रमाचा, तात्यासाहेब."

"श्रमाला घाम असतो हो. आणि आमच्या घामाखाली मेलेलं जनावर असायचं. ते कुठं गेलं?"

गृहस्थ हसला. लोकांच्या आठवणी नीटनेटक्या करून त्यांचं पुस्तक करून देणं हा त्याचा धंदा. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढीचा, हातरुमालाला कसलंसं अत्तर. तात्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'अत्तरवाला' ठेवलं होतं आणि लेकीनं डोळे वटारूनही ते बदललं नव्हतं.

"ते आहे ना," अत्तरवाल्यानं पान उलटलं. "इथं. 'निसर्गाच्या अखंड चक्राशी माझं नातं जुळलं.'"

"वळवळणारे किडे फावड्यानं बाजूला सारायचो, असं लिहिलं होतं मी."

"तेच चक्र, तात्यासाहेब."

भिंतीवरच्या यंत्रानं 'फुस्स' केलं आणि खोलीत गुलाब पसरला. दर पंधरा मिनिटांनी ते असं फुसकारायचं. घरात अशी दोन यंत्रं होती आणि दोन्ही तात्यांच्या खोलीच्या वाटेवर. कारखाना सुटून पंधरा वर्षं झाली होती, कारखान्याच्या जागी मोटारींचं चकचकीत दुकान उभं राहिलं होतं, तात्यांच्या अंगाला आता म्हातारपणाखेरीज कसलाही वास येत नव्हता. पण लेकीचं नाक विसरायला तयार नव्हतं. एकुलती एक लेक. आई गेल्यावर बापाला आपल्या घरी आणलं, दुखलंखुपलं पाहिलं, त्यात कधी कसूर केली नाही. फक्त त्यांच्या खोलीत शिरताना दारात क्षणभर थांबायची, पाण्यात उडी मारण्याआधी माणूस थांबतो तशी.

पुस्तकाची कल्पना तिचीच. बाबांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, मोठं सभागृह, येणाऱ्याला एक-एक प्रत भेट. तात्यांनीही हौसेनं शिसपेन्सिलीनं तीन वह्या भरून काढल्या होत्या. आयुष्यभर ज्यांनी तोंडानं थापा मारल्या, त्यांना लिहायचा कसला आळस? आमच्या कारखान्यावरून कावळेसुद्धा वळसा घालून जायचे, हे लिहिलं. पोस्टमन कोपऱ्यावरून पत्रांची बाणासारखी नेमबाजी करायचा आणि पुढं तो त्या खेळात बक्षीस मिळवून आला, हे लिहिलं. आणि सगळ्यांचा लाडका चोराचा किस्सा: चोर घरात शिरला, अर्ध्या तासानं त्यानंच सगळ्या खिडक्या उघडल्या आणि जाताना तात्यांना हलवून म्हणाला, "काका, काही हवं असलं तर सांगा, मी आणून देतो; पण असं राहू नका."

या तिन्ही वह्यांत खरं असं एकच पान होतं. पानं तीन होती म्हणा, पण तात्यांच्या लेखी ते एकच.

"चोर ठेवलाय ना?" तात्यांनी विचारलं.

"अर्थात. फार गोड आहे."

"पोस्टमन?"

"आहे."

"जांभई?"

अत्तरवाल्याचा चेहरा उजळला. "जांभईवर तर आख्खं प्रकरण आहे. पुस्तकाचा आत्माच तो. मागच्या कव्हरवरही तेच घेतलंय."

जांभईचा किस्सा असा. तात्या कारखान्यातून घरी आले, दारात उभे राहिले, की त्यांच्या बायकोला जांभई यायची. एकदा नव्हे, रोज. छत्तीस वर्षं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. तात्या लोकांना सांगायचे, "लोकांच्या बायका नवरा दिसला की लाजतात, चिडतात, निदान पदर तरी सारखा करतात. आमची जांभई देते. मी म्हणजे तिचं झोपेचं औषध. रात्री झोप येईना की मला म्हणायची, अहो, जरा बाहेर जाऊन परत आत या." हे सांगताना ते स्वतः अशी काही आ वासून जांभई द्यायचे की ऐकणारे हसता हसता जांभया द्यायला लागायचे.

"आणि त्याच्यापुढचं?" तात्या म्हणाले. "दवाखान्यातलं?"

अत्तरवाल्यानं बाजूला बसलेल्या लेकीकडं पाहिलं. लेकीनं चहाचे कप गोळा करायला घेतले.

"ते जरा..." अत्तरवाला म्हणाला. "पुस्तकाचा सूर आनंदी आहे, तात्यासाहेब. शेवटाकडं वाचकाला असं एकदम... म्हणून मी तिथं वहिनीसाहेबांच्या साबणाच्या कारखान्याचं वर्णन घातलंय. 'तिच्या पावलांनी आमचं घर गुलाबासारखं दरवळे.'"

"पुन्हा दरवळ," तात्या म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच तोंडावर हात धरला.

*

साबणाचा कारखाना मात्र खरा होता. तो सरसाच्या कारखान्याला खेटूनच होता आणि दोघांच्या मधे एक भिंत. भिंतीवरून एक जाड नळी जायची. हाडं उकळताना वर येणारी चरबी त्या नळीतून पलीकडं वाहायची आणि पलीकडं तिचा साबण व्हायचा, गुलाबाचा वास लावून, गुलाबी कागदात गुंडाळून. म्हणजे ज्या हाडांच्या नावानं सगळं शहर नाक मुरडायचं, त्याच हाडांनी सकाळी तोंड धुवायचं. तात्यांना ही गोष्ट इतकी आवडायची की तिच्यात त्यांनी कधी मीठमसाला घातला नाही.

एका थंडीत चरबी गोठून नळी तुंबली. ती मोकळी करायला गरम पाण्याच्या बादल्या घेऊन चोवीस वर्षांच्या तात्यांना भिंतीपलीकडं पाठवलं. ते पॅकिंगच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि साबण गुंडाळणाऱ्या वीस-पंचवीस पोरी नाकाला फडकी लावून मागच्या दारानं पळाल्या. एकच राहिली. खाली मान घालून वड्या गुंडाळत होती.

"तुम्हाला वास नाही येत?" तात्यांनी दारातूनच विचारलं.

"लहानपणी ताप आला होता," ती म्हणाली. "तेव्हापासून हे नाक नुसतं शोभेला."

तात्यांना वाटलं, देवानं आपल्यासाठी मुद्दाम मापात घडवून ठेवलेली बाई ती हीच. सहा महिन्यांत लग्न झालं.

आणि मग तात्यांनी एक गोष्ट केली, म्हणजे केली नाही. कारखान्यात कामगारांसाठी न्हाणीघर होतं. गरम पाणी, काथ्या, शेजारच्या कारखान्यातून आलेल्या तुटक्या साबणाच्या वड्या. पाचचा भोंगा झाला की झाडून सगळे गडी तिथं शिरायचे आणि तासभर अंग घासायचे; घरी बायका उंबऱ्यात उभ्या असायच्या, वास घेऊन आत घ्यायच्या. तात्या लग्नानंतर एकदाही त्या न्हाणीघरात गेले नाहीत. आपल्या बायकोचं नाक शोभेचं, मग घासायचं कुणासाठी? ते तसेच, हाडांच्या राड्यानं कडक झालेल्या कपड्यांत, सव्वापाचला घरी. मागच्या दारी बसायचे. ती चहा ठेवायची, भाजी निवडायची, आणि तात्या दिवसभरातलं खरं-खोटं सांगायचे. कावळे, पोस्टमन, चोर, सगळे तिथंच जन्मले. गडी त्यांच्यावर जळायचे. "नशीब काढलंस, लेका," म्हणायचे, "रोजचा एक तास फुकट."

नोकरी संपली. सहा महिन्यांनी ती आजारी पडली आणि दवाखान्यात गेली ती परत आली नाही. शेवटच्या आठवड्यात ती डोळे मिटूनच असायची. एका दुपारी तात्या खाटेशेजारी बसले होते, स्वच्छ आंघोळ केलेले, इस्त्रीच्या कपड्यांत.

"अहो," ती म्हणाली, "बसलाय ना?"

"बसलोय की. हात धरलाय तुझा."

"हात काय, कुणीही धरील. वास नाही आला, म्हणून विचारलं."

तात्यांना आधी वाटलं, तापात बरळतेय. मग त्यांना ती जांभई आठवली. रोज दारात, त्यांना पाहून, तोंडानं ओढून घेतलेला तो लांब श्वास.

*

अत्तरवाला गेल्यावर लेक कप विसळत होती. तात्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ते पान घाल."

"बाबा, उद्या छापायला जायचंय."

"मग जांभईही काढ. दोन्ही तरी ठेव नाहीतर दोन्ही काढ. नुसती जांभई ठेवलीस तर काय राहतं? तुझी आई आळशी होती, एवढंच राहतं. दोनशे माणसं तिला हसणार आणि तिनं काय केलं ते कुणाला कळणार नाही."

"तुम्हीच सांगत आलात की तो किस्सा. तिच्यादेखत सांगायचात. तीही हसायची."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

लेकीनं नळ बंद केला. हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मला होतं. सगळ्या आळीला होतं. तुम्ही कामावर गेलात की आई दूध नासलंय का ते हुंगून बघायची. शेजारणीला सांगायची, तुमची डाळ लागली बघा. तुमचे कपडे धुताना नाकाला फडकं बांधायची, आणि तुम्ही यायच्या आत ते फडकं धुऊन दोरीवर. तुम्ही आलात की मला बाहेर खेळायला पिटाळायची. मोठी झाल्यावर कळलं, का ते. पोरीच्या नाकाला तरी त्रास नको म्हणून."

तिनं हात पुसलेलं फडकं घडी करून ठेवलं.

"मला शाळेत खिडकीजवळ बसवायचे. खिडकीजवळ म्हणजे मान नव्हता तो. बाकावर शेजारी कुणी नसायचं. वीस वर्षं अंग घासलं मी, तेव्हा कुठं तो वास गेला. आता तो तुम्ही छापून दोनशे घरांत वाटणार?"

"मी माझी चूक लिहिलीय. तुझं नाव नाही त्यात."

"तुमची चूक वाचून लोक काय म्हणतील? छत्तीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचं या माणसाला कळलं नाही, म्हणतील. किळस वाटेल लोकांना, बाबा."

"वाटू दे की. मला वाटते."

"मला ते पुरतं वाचवलंही नाही," लेक म्हणाली. "वासापर्यंत आले आणि वही मिटली." ती कप घेऊन फडताळाकडं वळली. तिथं विषय संपला.

तात्या खोलीकडं निघाले. वाटेतल्या यंत्रानं त्यांच्यावर 'फुस्स' केलं.

*

वाढदिवस थाटात झाला. सभागृहात थंड हवा होती, दारात मोठमोठे पुष्पगुच्छ होते आणि टेबलावर दोनशे प्रती रचून ठेवल्या होत्या. कव्हरवर धुक्यातलं एक धुराडं होतं, ते कुठल्याही कारखान्याचं असू शकलं असतं. जावई सगळ्यांना हात मिळवत होता. अत्तरवाल्यानं भाषण केलं, त्यात 'दरवळ' पाच वेळा आला, तात्यांनी मोजला. मग त्यानं जांभईचं प्रकरण वाचायला घेतलं आणि अर्ध्यात थांबून हात पसरून म्हणाला, "पण हे तात्यासाहेबांच्याच तोंडून ऐकायला हवं. नाही का?"

टाळ्या झाल्या. कुणीतरी माईक तात्यांच्या पुढं आणून धरला.

तात्या उठले. सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. खरं तर रात्रंदिवस तेच ठरवत होते की एकदा माझ्यापुढं माणसं बसू देत, मग बघतो कोण पान गाळतं ते. त्यांनी लोकांकडं पाहिलं. दोनशे चेहरे, हसायला तयार, ओठ नुकतेच विलग होऊ लागलेले. हे चेहरे तात्यांना ओळखीचे होते. असे चेहरे समोर आले की त्यांची जीभ त्यांना विचारत नसे.

"लोकांच्या बायका नवरा दिसला की लाजतात," ते म्हणाले.

पुढचं सगळं आपोआप झालं. झोपेचं औषध झालं, अहो जरा बाहेर जाऊन परत या झालं. शेवटी त्यांनी आ वासला आणि अशी लांबलचक, दाढा दाखवणारी जांभई दिली की सभागृह कोसळलं. पहिल्या रांगेत जावई डोळे पुसत होता. मागं कुणाला तरी खरंच जांभई आली आणि पुन्हा हशा झाला. एकटी लेक हसत नव्हती. ती मांडीवरच्या पुस्तकाचा कोपरा दुमडत होती आणि सरळ करत होती.

तात्या खाली उतरले ते तडक प्रसाधनगृहात गेले. संगमरवरी भांड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि ओकले. एकेचाळीस वर्षांत काहिलीवर जे झालं नाही ते त्या चकचकीत खोलीत झालं. तोंड धुवायला साबणाची बाटली दाबली तर हातात गुलाब आला. ते पुन्हा ओकले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाइंडरकडं गेले. बगलेत पुस्तकाची एक प्रत, वहीतून फाडलेली तीन पानं आणि एक पत्र्याचा डबा.

बाइंडर त्यांच्याच वयाचा. एका गल्लीत तळमजल्यावर त्याची अंधारी खोली होती, दाबयंत्र, सुया, दोऱ्याची रिळं आणि कापून पडलेल्या कागदाच्या पट्ट्या. चाळीस वर्षं त्यानं तात्यांच्याच कारखान्याचा सरस वापरला होता आणि चाळीस वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली होती.

"काल आला नाहीस," तात्या म्हणाले.

"आमंत्रण होतं. पण तुझ्या थापा मी फुकटात ऐकल्यात, त्यासाठी बूट कशाला घालायचे?" बाइंडरनं पुस्तक हातात घेतलं, उघडलं, पाठ दाबून पाहिली. "हं. नुसतं चिकटवलंय. दोन उन्हाळ्यांत पानं गळतील. काय करू याचं?"

"हे सोड. ही तीन पानं घाल, इथं, जांभईच्या पुढं. शिवून घे. आणि पाठीला हे लाव."

तात्यांनी डबा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेल्या सरसाच्या वड्या होत्या, मधाच्या रंगाच्या, काचेसारख्या. कारखाना सुटला त्या दिवशी शेवटच्या काहिलीतून आणलेल्या.

बाइंडरनं मान मागं घेतली. "अरे, आता पांढरा डिंक मिळतो. वास नाही, कटकट नाही. तुझ्या सरसाला उंदीर लागायचे. अर्धी ग्रंथालयं उंदरांनीच वाचलीत."

"म्हणजे कुणीतरी वाचली. भांडं आहे का?"

भांडं होतं. पाण्याच्या भांड्यात बसवलेलं दुसरं भांडं, तळाशी जुन्या सरसाचा काळा थर. वड्या भिजत घातल्या आणि दुपारी शेगडीवर चढवल्या. थोड्या वेळात भांड्यातून तो वास उठला. आधी ओल्या कुत्र्यासारखा, मग शिंगं जाळल्यासारखा, आणि मग खाली दडलेला, गोडूस, घशात बसणारा. समोरच्या शिंप्यानं उठून आपली खिडकी लावली. बाइंडर खोकला. तात्यांनी कांडीवर थेंब घेतला, अंगठा आणि तर्जनीत धरला, दाबला आणि बोटं हळूच दूर केली. मधे केसासारखी तार आली. तुटली नाही.

"झाला," ते म्हणाले.

बाइंडर चष्मा लावून वहीची पानं क्रमानं लावत होता. क्रम लागावा म्हणून वाचत होता, मग मोठ्यानं वाचायला लागला. त्याला तशी सवय होती.

"'मी विचारलं, तेव्हा खोटं का बोललीस? ती म्हणाली, तुम्ही दारात उभे होतात, आत यावं की परत जावं असं तोंड करून. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, मग नंतर तरी सांगायचंस. मीही सगळ्यांसारखा तासभर घासून, आंघोळ करून आलो असतो. ती म्हणाली...'" बाइंडरनं पान उजेडाकडं धरलं. "काय लिहिलंय हे? पेन्सिल पुसलीय."

"'मग तो तास गेला असता,'" तात्या म्हणाले.

भांड्यात बुडबुडे फुटत होते.

"पुढं?" बाइंडरनं विचारलं.

"पुढं काही नाही. नर्स आली."

बाइंडरनं पानं टेबलावर ठोकून सारखी केली. "सुई दे ती," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं, दोरा ओढत: "एकच प्रत?"

"वाचायचं राहिलेलं माणूस एकच आहे."

*

सरस सुकायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी ते पुस्तक नेऊन जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. दार उघडं ठेवलं.

लेक बाहेरून आली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि जागच्या जागी थांबली. तात्यांना तिची पाठ दिसत होती. तिचं डोकं आधी एका बाजूला वळलं, मग दुसऱ्या.

"बाबा? कसला वास येतोय?"

सांगायची गरज नव्हती, तिला ठाऊक होतं.

ती टेबलाजवळ गेली. पुस्तक दोन बोटांनी उचललं, दूर धरलं, दारापर्यंत नेलं. तात्यांना वाटलं, गेलं बाहेर. पण पुस्तकाच्या मधोमध वहीची पिवळट पानं मुद्रित पानांपेक्षा जरा बाहेर आली होती, आणि त्यांवर पेन्सिल होती. ती परत आली. खुर्ची ओढून बसली. पुस्तक तिथंच उघडलं आणि मान चटकन बाजूला घेतली. ताजा सरस उघडल्यावर जास्तच घमघमतो.

यंत्रानं 'फुस्स' केलं. गुलाब आला आणि सरसाच्या वासात बुडून गेला.

ती वाचत होती. पहिलं पान तिनं नाक धरून वाचलं. दुसरं उलटायला हात लागला, तेव्हा नाक सोडलं. तिसऱ्या पानावर ती थांबली, परत मागं गेली, परत पुढं आली. मग तिचं तोंड उघडलं आणि तिनं एक लांब श्वास आत ओढला, सावकाश, छाती भरून. थोड्या वेळानं आणखी एक.

तात्या उठून दारापर्यंत आले होते. ती जांभई त्यांनी छत्तीस वर्षं रोज पाहिली होती. त्या दिवशी सभागृहात तिची नक्कल केली होती, ती अजिबात अशी नव्हती.

"झोप येतेय का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," लेक म्हणाली. "जरा."

"खिडकी उघडू?"

"राहू द्या."

तात्या तिथंच उभे राहिले, आत यावं की परत जावं ते न कळून. लेकीनं मान वर केली नाही. टेबलाखालून पाय लांब केला आणि समोरची खुर्ची जराशी मागं सारली.